दिसला घोडा, हॉर्न थोडा

श्रीधर डोरलीकर या माणसाविषयी लिहायचं तर मी एकेरीतच लिहिणार. सहा वर्षं त्याला तोंडावर ‘सर’ म्हटलं, चहाचा कप त्याच्या टेबलावर नेऊन ठेवला, सुट्टीच्या अर्जावर त्याचीच सही घेतली. पण मनात एकदाही त्याला अहो-जाहो केलं नाही. आता ती नोकरी सुटली आहे, तेव्हा निदान कागदावर तरी खोटं कशाला लिहू?

खापरखेड्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून, आमची एक खाजगी संस्था होती. वीजकेंद्रातल्या राखेचे आणि कोळशाचे टिप्पर चालवणाऱ्या ड्रायव्हरांना वाहतूकदार तिथं दोन-दोन दिवसांसाठी पाठवायचे आणि आम्ही त्यांना सुरक्षित वाहतुकीचं प्रमाणपत्र द्यायचो. पत्र्याचं छत, एक हॉल आणि बाहेर टिप्पर वळवता येईल एवढं मैदान. हजेरी घेणं, प्रोजेक्टर लावणं, प्रमाणपत्रं छापणं आणि कार्यक्रम असला की मोबाइलवर शूटिंग करणं हे माझं काम. डोरलीकर मुख्य प्रशिक्षक. दुय्यम कोणीच नव्हता, पण दारावरच्या पाटीवर ‘मुख्य’ होतं.

त्याचे गुण सांगायचे तर दोन सांगता येतील. एक म्हणजे तो कधी उशिरा आला नाही. नंदनवनहून निघून अख्खं नागपूर पार करायचा, तरी नऊच्या ठोक्याला फाटकात हजर. दुसरा, त्याचा आवाज. भरदार, गोड, रेडिओवर शोभावा असा. त्या आवाजात तो काहीही बोलला तरी ऐकणाऱ्याला वाटायचं, या माणसाला नक्की माहीत असणार. सगळा घोटाळा तिथंच होता. त्याला काहीएक माहीत नसायचं.

आधी तो कूलरच्या विक्रीत होता. उन्हाळा संपला की कामही संपायचं, म्हणून कुठलासा आठवडाभराचा कोर्स केला आणि सुरक्षातज्ज्ञ होऊन आला. टिप्परच्या केबिनमध्ये तो कधी चढल्याचं मी पाहिलं नाही. एकदा ड्रायव्हरांनी गमतीनं म्हटलं, सर, जरा रिव्हर्स घेऊन दाखवा. तर हा म्हणाला, “माझा विषय गाडी चालवणं नाही. गाडी चालवण्याचं सायन्स आहे.” सायन्स हा त्याचा आवडता शब्द. चहा किती उकळावा हेही सायन्स, फळा कुठल्या दिशेनं पुसावा हेही सायन्स. ज्या गोष्टीचं उत्तर येत नसे तिचं तो हमखास सायन्स करून टाकायचा.

ड्रायव्हरांच्या खुर्च्यांवर बसायची वेळ आली तर आधी रुमाल अंथरायचा. त्यांच्या कपात चहा नको म्हणून घरून स्टीलचा कप आणायचा. आणि नावं? दोन दिवसांत वीस माणसांची नावं पाठ करणं त्याला जड जायचं, असं नाही. जरुरीचं वाटत नसे. तो ड्रायव्हरांना त्यांच्या गाडीच्या नंबरनं हाक मारायचा. “अठ्ठावीस-चौदा, उभे राहा. सत्तर-एकोणीस, डुलक्या घेऊ नका.” पुढच्या वेळी त्याच गाडीवर दुसराच ड्रायव्हर आला, तर तोही अठ्ठावीस-चौदा. माणूस बदलला हे याच्या लक्षातही यायचं नाही. पंचेचाळीस-पन्नास वर्षांची, घरी सुना आलेली माणसं खाली मान घालून नंबराला ओ द्यायची. मला ते बघवत नसे, पण मी हजेरीच्या कागदावर टिक करत राहायची.

घोड्यांचा विषय आमच्याकडे आला तो असा. सावनेरकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावरून एक आतला रस्ता फुटतो. टिप्परवाले जवळ पडतो म्हणून तोच धरतात. त्या रस्त्यावर एका गावात पाच-सहा घरं घोडीवाल्यांची आहेत. लग्नाच्या दिवसांत ही मंडळी नवरदेवासाठी घोड्या घेऊन शहरात येतात. टेम्पोत घोडी बिथरते, म्हणून सरळ पाठीवर बसून, रस्त्यानं. एकदा एका टिप्परचा आरसा त्यांच्यातल्या एकाच्या खांद्याला घासून गेला. माणूस वाचला, पण गावानं दिवसभर रस्ता अडवून धरला. त्या टिप्परच्या वाहतूकदाराचे मॅनेजर झाडेसाहेब स्वतः गावात गेले आणि कबूल करून आले, की आमच्या प्रत्येक ड्रायव्हरला घोड्याजवळून गाडी कशी न्यायची ते शिकवू. ते काम आमच्या संस्थेकडे आलं, म्हणजे डोरलीकरकडे आलं. घोडा त्यानं वरातीत पाहिला असेल तेवढाच, आणि तोही लांबून.

चार दिवसांत त्यानं स्लाइडा तयार केल्या. म्हणजे कुठून तरी उचलल्या. हिरवीगार गल्ली, दोन्ही बाजूंना कात्रीनं कापल्यासारखी झुडपं आणि घोड्यावर हेल्मेट घातलेली गोरी बाई. पहिली स्लाइड पडद्यावर आली तशी मागून एकानं विचारलं, “सर, हे कोन्या गावची वरात हाय जी?” सगळा हॉल हसला. डोरलीकर हसला नाही. “सत्तर-एकोणीस, बाहेर.” तो माणूस उन्हात तासभर उभा राहिला.

मात्र स्लाइडवर लिहिलेलं बरोबर होतं, हे मी मुद्दाम सांगते. वेग कमी करा, भरपूर अंतर सोडा, हॉर्न देऊ नका, इंजिन उगाच रेटू नका. कोणी शहाण्यानं लिहिलं असावं. नुसतं वाचून दाखवून खाली बसला असता तरी पुरलं असतं. पण वाचून दाखवलं तर सायन्स कुठून येणार?

मग त्यानं प्लास्टिकची खुर्ची मधोमध ठेवली आणि म्हणाला, हा घोडा. एका जाड्या ड्रायव्हरला तिच्यावर उलटं बसवलं. दुसऱ्याच्या हातात स्वयंपाकघरातल्या पातेल्याचं झाकण दिलं, हे स्टिअरिंग. जमिनीवर टेप लावून दोन मीटर मोजले आणि खडूनं रेघ ओढली. झाकण धरलेला ड्रायव्हर रेघेवरून तोंडानं घुर्रघुर्र करत गेला. त्यानं घुर्र केलं नाही तर डोरलीकर परत पाठवायचा. सगळे ड्रायव्हर आळीपाळीनं घुर्र करून आले.

तेव्हा सुदाम उठला. सुदाम चव्वेचाळीस वर्षांचा, जाड मिशांचा, कमी बोलणारा माणूस. वीस वर्षं अवजड गाडी चालवत होता. तो म्हणाला, “सर, आमचा थो आतला रोड लय बारका हाय. टिप्परच आठ फुटाचा. दोन मीटर सोडाले गेलो तं मी कापसात जाईन. मंग का करावं?”

प्रश्न रोकडा होता. खरं तर अख्ख्या प्रशिक्षणात विचारण्यासारखा तोच एक प्रश्न होता. डोरलीकरनं टेप गुंडाळली, खिशात ठेवली आणि त्या सुंदर आवाजात म्हणाला, “बेसिकली, तो अंमलबजावणीचा भाग आहे. पुढचा मुद्दा.” सुदाम खाली बसला. मला त्या दिवशी पहिल्यांदा या माणसाचा नुसता राग न येता किळस आली.

शेवटच्या दिवशी प्रात्यक्षिक होतं. झाडेसाहेब येणार, गावचे सरपंच येणार, म्हणून मांडव घातला. त्या गावातले गणपतराव आपली घोडी चांदणी घेऊन आले. साठीचा, काटक, गळ्यात दुपट्टा टाकलेला माणूस. आपल्याशी बोलताना त्यांचा एक हात सतत घोडीच्या मानेवर. चांदणी पांढरीशुभ्र, कपाळावर मेंदीचा टिळा लावलेली. डोरलीकर मांडवातल्या टेबलाच्या पलीकडे उभा राहिला आणि कार्यक्रम संपेपर्यंत टेबलाच्या अलीकडे आला नाही.

कार्यक्रम असा ठरला होता. सुदामनं टिप्पर मागून हळू आणायचा. डोरलीकर माइकवरून सांगणार, “आता चूक काय ते बघा.” मग सुदामनं हॉर्न द्यायचा, घोडी बिचकणार, आणि सर्वांना समजणार की हॉर्न का देऊ नये. मी मोबाइल धरून उभी होते.

सुदामनं हॉर्न दिला. त्याच्या टिप्परला तीन सुरांचा हॉर्न होता, पें-पें-पॅंऽ करणारा. चांदणीनं कान टवकारले, मान ताठ केली आणि पुढचे पाय एकाआड एक उचलून नाचायला लागली. लग्नात नाचते तशी, ऐटीत, जागच्या जागी. ड्रायव्हरांनी टाळ्या पिटल्या. सरपंच हसून हसून लाल झाले. झाडेसाहेबही हसायला लागले.

डोरलीकरच्या हातात माइक होता आणि पाठीमागे पडद्यावर ‘हॉर्न देऊ नका’ ही स्लाइड. साधा माणूस काय म्हणाला असता? “अरे, हिला सवय आहे वाटतं,” म्हणून घोडीवाल्याला विचारलं असतं. याला विचारणं माहीत नव्हतं. त्यानं घसा साफ केला आणि उभ्या उभ्या नवं सायन्स काढलं. “पाहिलंत? परदेशी घोडा आणि भारतीय घोडा यांत हाच फरक आहे. आपला घोडा आवाजाला सरावलेला आहे. त्यामुळे आपल्याकडे हॉर्न द्यायचा. छोटा द्यायचा, बिनधास्त द्यायचा. म्हणजे त्याला समजतं की मागं गाडी आहे.”

गणपतराव पुढं झाले. “साहेब, हे लगनाची—”

“काका, आपण नंतर बोलू,” डोरलीकर म्हणाला. आणि लोक हसताहेत, वातावरण जमलंय हे पाहून त्याला आणखी सुचलं. “म्हणा माझ्याबरोबर. दिसला घोडा, हॉर्न थोडा!” वीस ड्रायव्हर ओरडले, “दिसला घोडा, हॉर्न थोडा!” त्यानं हातानं ताल दिला, तीनदा म्हणून घेतलं. चांदणी नाचत होती. मी शूटिंग करत होते.

नंतर चहाच्या वेळी गणपतराव माझ्याकडे आले. डोरलीकर झाडेसाहेबांच्या गाडीपाशी उभा होता, तिथं जायची त्यांची हिंमत झाली नसावी. म्हणाले, “ताई, चांदनीले वाजंत्रीची सवय हाय. लहानपनापासून ढोल वाजवून शिकवलं म्या इले. हार्न वाजला, इले वाटलं वरात निघाली. दुसऱ्या कच्च्या घोड्यामांगं असा हार्न देला तं थो मानूस मारीन.”

मी विचारलं, “मग रस्ता बारका असला तर ड्रायव्हरनं करायचं काय?”

“गाडी थांबवाची. इंजन बंद कराचं. अन् तोंडानं बोलाचं, ‘जा गा दादा, जाऊ दे.’ मानसाचा आवाज आला का घोडं समजते, त्या डब्ब्यात मानूसच हाय. मंग थे आपल्या आपन निंगून जाते.”

सुदामच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. अर्ध्या मिनिटाचं. मी तशीच डोरलीकरकडे गेले आणि सांगितलं. तोवर तो नळापाशी येऊन स्टीलचा कप धूत होता. “मॅडम,” तो म्हणाला, “एका बाजूला एक काका आणि दुसऱ्या बाजूला सायन्स. तुम्ही प्रमाणपत्रं वाटा.” मी प्रमाणपत्रं वाटली. वीसही ड्रायव्हर माझ्या हातासमोरून एकेक करून गेले, सुदामही गेला. मी प्रत्येकाला सांगू शकले असते. सांगितलं नाही. डोरलीकरला नावं ठेवताना माझ्या वाट्याचं हे मी वगळत नाही.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, त्याच आतल्या रस्त्यावर गणपतराव नव्या घोड्यावरून चालले होते. त्याचं नाव सोन्या. महिन्यापूर्वीच घेतलेला, अजून वरातीला न सरावलेला. दोन्ही बाजूंना कापूस. मागून सुदामचा टिप्पर आला. सुदामनं लांबूनच वेग कमी केला, गाडी जवळजवळ थांबवली आणि शिकवलं होतं तसा हॉर्न दिला. छोटासाच. सोन्या उभ्या उभ्या उसळला आणि नालीत पडला. गणपतराव त्याच्याखाली आले. घोडा उठून कापसात पळाला, गणपतराव उठले नाहीत. कमरेचं हाड मोडलं होतं.

अशा वेळी बरेच ड्रायव्हर गाडी सोडून पळतात, कारण गाव जमलं की मारतं. सुदाम पळाला नाही. त्यानं त्यांना उचलून केबिनमध्ये आडवं घातलं आणि स्वतः दवाखान्यात नेलं. गाव दवाखान्यात पोचलं तेव्हा तो तिथंच बाकावर बसलेला होता. गणपतरावांनीच लोकांना अडवलं. “त्याले हात लावू नका, त्यानंच आनलं मले.”

दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला डोरलीकर आला. मला वाटलं, आधी गणपतरावांचं विचारील. त्यानं रुमालानं कपाळ टिपलं आणि विचारलं, “मॅडम, ती प्रात्यक्षिकाची क्लिप अजून आहे का?”

“आहे सर.”

“फोनची जागा उगाच अडते. काढून टाका.”

“बरं सर,” मी म्हटलं. सहा वर्षांत हे ‘बरं सर’ मी हजारदा म्हटलं असेल. त्या दिवशी मात्र मी क्लिप काढली नाही, उलट घरी जाऊन ती बहिणीच्या फोनवरही पाठवून ठेवली.

वाहतूकदारानं सुदामला कामावरून घरी बसवलं आणि त्याचं अवजड गाडीचं लायसन रद्द करावं अशी शिफारस पाठवायचं ठरवलं. लायसन गेलं की सुदामकडे दुसरं काही नव्हतं. घरात दोन शिकणारी मुलं, एक आजारी भाऊ. झाडेसाहेबांनी शिफारस पाठवायच्या आधी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. डोरलीकरनं एक वाक्य बोलायचं होतं: मीच तसं शिकवलं. एवढं बोलला असता तर प्रकरण तिथंच संपलं असतं.

तो फाइल घेऊन आला. आत त्या स्लाइडचा छापलेला कागद, ‘हॉर्न देऊ नका’, आणि त्याखाली ‘वरील सूचना समजल्या’ म्हणून सुदामची सही. कागद त्यानं झाडेसाहेबांपुढे सरकवला. “बेसिकली, सर्व लेखी आहे. अठ्ठावीस-चौदा यांनी सूचना पाळली नाही.” ती गाडी अपघातानंतर उभीच होती, आणि सुदाम समोर बसला होता, तरी तो अठ्ठावीस-चौदाच.

सुदाम हळूच म्हणाला, “साहेब, मले वाचता येते. कागदावर नको लिवलं होतं, हे खरं हाय. पन सरांनी त्याच्यावरून तोंडानं सांगतलं. आमी कागदाचं सोडलं अन् तोंडाचं धरलं. शिकवनारा मानूस हाय म्हून.”

“मी असं काहीही बोललो नाही,” डोरलीकर म्हणाला. त्या आवाजात, इतकं ठाम, की मला स्वतःलाच क्षणभर शंका आली.

मी फोन काढून झाडेसाहेबांच्या टेबलावर ठेवला आणि क्लिप लावली. खोलीभर त्याचा आवाज घुमला. भारतीय घोडा, परदेशी घोडा, बिनधास्त द्यायचा. मग वीस ड्रायव्हरांचं ओरडणं आणि ताल देणारा त्याचा हात. मी त्याच्याकडे पाहत होते. तो पुढं वाकून क्लिप बघत होता, आणि खोटं सांगत नाही, एका क्षणी त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. आपण किती छान बोललो, हे त्याला दिसत होतं. क्लिप संपल्यावर तो मागं टेकला.

“थोडा म्हटलंय मी,” तो म्हणाला. “नीट ऐका. हॉर्न थोडा.”

झाडेसाहेबांनी सुदामला विचारलं, “किती वाजवलास?”

“थोडाच,” सुदाम म्हणाला.

सुदामला दुसऱ्या दिवसापासून कामावर घेतलं, शिफारस पाठवली नाही. डोरलीकरला काही झालं नाही, कारण पुढच्या आठवड्याची तुकडी ठरलेली होती. फक्त झाडेसाहेबांनी त्याला बजावलं, की गणपतरावांच्या घरी जा आणि चूक माझी होती असं त्यांच्या तोंडावर सांगून या. “अन् मॅडम, तुम्ही सोबत जा,” ते मला म्हणाले. एकट्यानं जाऊन आल्यावर हा काय सांगेल यावर त्यांचा भरवसा नसावा.

रविवारी सकाळी आम्ही त्याच्या गाडीतून गेलो. गाडीच्या सीटवरचं कारखान्यातलं प्लास्टिक त्यानं तीन वर्षांनीही काढलेलं नव्हतं, बसलं की चरचर वाजायचं. वाटेत त्यानं मला कागद वाचून दाखवला. “प्रशिक्षणादरम्यान झालेल्या संभाव्य गैरसमजातून आपणास जी गैरसोय झाली, त्याबद्दल संस्थेच्या वतीने खेद व्यक्त करण्यात येत आहे.” मी म्हटलं, सर, यात चूक माझी होती असं कुठं आहे? तो म्हणाला, “ते भाषेच्या सायन्समध्ये आलंय.”

गणपतरावांचं घर रस्त्याला लागूनच. बांबूचं फाटक, आत अंगण, कडुलिंबाखाली बाजेवर गणपतराव. चांदणी मोकळीच अंगणात, सोन्या मागं दूर खुंट्याला बांधलेला. बाजूला बसून कोणी तरी कडबा तोडत होतं. नीट पाहिलं तर सुदाम. दर सुट्टीला येऊन तो घोड्यांचं सगळं करून जातो, हे मला तेव्हा समजलं.

डोरलीकर फाटकापाशी थबकला. मोकळी घोडी दिसली आणि त्याचा पाय पुढं पडेना. गणपतराव बाजेवरून म्हणाले, “या ना साहेब, काई करत नाई थे.” तो आला नाही. मी एकटीच आत गेले.

गणपतरावांच्या बायकोनं, शांताबाईनं मला बाजूला घेतलं. “बाई, यायले जरा समजावा वं. दिवसभर एकच घोकत रायते, म्याच चुकलो, कच्चं घोडं रस्त्यावर काहून काढलं. अन् थो सुदाम येते तं थो म्हन्ते, नाई काका, म्याच चुकलो, वीस वरसं झाले गाडी चालवून राहिलो, इंजन बंद कराचं मलेच समजाले पाह्यजे होतं. दोघं एकमेकांसमोर बसून हेच करते. डॉक्टरनं सांगतलं, आता घोड्यावर बसनं नाई. त्याचं यायले इतकं नाई, पन चूक कोनाची, थे सुटत नाई मनातून.”

तेवढ्यात फाटकाबाहेर डोरलीकरनं कागद उघडला आणि उभ्या उभ्या, रस्त्यावरूनच, वाचायला सुरुवात केली. माझ्या लक्षात येईपर्यंत तो अर्ध्यावर आला होता. आणि त्याच वेळी मागून राखेचा एक टिप्पर आला, त्याच्यामागं दुसरा. त्याचे ओठ हलताना दिसत होते, आवाज मात्र काही म्हणता काही आला नाही. टिप्पर गेले तेव्हा तो कागदाची घडी घालत होता. त्यानं हात जोडले, वळला आणि गाडीत जाऊन बसला. काच वर केली. काचेतून दिसत होतं, तो हाताला सॅनिटायझर चोळत होता. इतका तुच्छ माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

गणपतराव कोपरावर उठून बसायचा प्रयत्न करत होते. “ताई, साहेब का म्हनत होते? मले तं काईच आयकू नाई आलं.”

सुदामचा कोयता थांबला होता. तोही माझ्याकडेच पाहत होता.

खरं सांगायचं तर काहीच म्हणाले नाहीत, असं सांगायला हवं होतं. माझ्या जिभेवर तेच होतं. पण समोर बाजेवर तो माणूस होता, जमिनीवर हा होता, आणि दोघांना एका वाक्याची गरज होती. ते वाक्य ज्याचं होतं तो काचेआड हात चोळत बसला होता.

“म्हणाले, चूक माझी होती,” मी म्हटलं. “म्हणाले, गणपतरावांची नाही आणि सुदामची तर नाहीच. मी चुकीचं शिकवलं. शरम वाटली म्हणून आत आले नाहीत.”

गणपतराव पुन्हा आडवे झाले. मग म्हणाले, “आयकलं गा सुदाम? एवढा शिकलेला मानूस, पन आपल्या तोंडानं कबूल केलं. मोठ्या मनाचा निंगाला गा साहेब.” सुदामनं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि परत कडबा तोडायला लागला. शांताबाई पाण्याचा तांब्या घेऊन फाटकापर्यंत गेली, पण काच बंद पाहून परत आली.

मी गाडीत येऊन बसले. प्लास्टिक चरचर वाजलं.

“नोंद करून घ्या मॅडम, माफी मागितली म्हणून,” डोरलीकर म्हणाला. “काय म्हणत होता तो?”

“मोठ्या मनाचे निघालात, असं म्हणाले.”

त्यानं आरशात बघून भांग सारखा केला. “हं,” तो म्हणाला, “खेड्यातल्या लोकांनाही कळतं ते,” आणि गाडी सुरू केली.